शाळेच्या इमारतीचं भाडं आणि ती चालवण्याचा खर्च: अंदाज कसा बांधायचा

शाळेच्या इमारतीला भाडं किती येईल, हे विचारायला माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एक मालक, ज्याची वास्तू रिकामी होणार आहे. दुसरी शाळा चालवणारी संस्था, जिला जागा हवी आहे. दोघांच्या डोक्यात बहुतेक वेळा एकच आकडा असतो: शेजारच्या ऑफिसचा चौरस फुटाचा दर. तो क्षेत्रफळाला गुणला की झालं, असं त्यांना वाटतं.

व्हॅल्युअर, म्हणजे जागेचं मूल्य काढणारी, होण्याआधी मी शाळेचे हिशेब लिहायचे, त्यामुळे हा गुणाकार मला पटत नाही. भाडं, विजेचं बिल, सफाईचा पगार, गळक्या गच्चीची दुरुस्ती हे सगळं शाळा एकाच फीच्या पैशातून भरते. जागेचं भाडं कमी पण चालवायला महाग, अशी इमारत शाळेला स्वस्त पडत नाही. म्हणून मी आधी चालवण्याचा खर्च काढते आणि मग भाड्याकडे वळते. हा उलटा क्रम वाटेल, पण यातच निम्मं काम होतं.

पुढच्या उदाहरणातले आकडे फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहेत. दर, कर आणि चलन तुमच्या ठिकाणचं घाला.

आधी टेप घ्या

मालकाने दिलेलं क्षेत्रफळ कागदावर लिहून घ्या, पण हिशेबात धरू नका. ते कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे, बिल्ट-अप (भिंती धरून) आहे की जिने आणि व्हरांडे धरून आहे, हे बऱ्याचदा देणाऱ्यालाही सांगता येत नाही. फरक किरकोळ नसतो. बिल्ट-अप १,००० चौरस फुटांवर ५० चा दर असेल आणि आतलं वापराचं क्षेत्र ७५० भरत असेल, तर कार्पेटवर तोच दर ६६.७ होतो. मोजमापाच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या आहेत म्हणूनच 'इंटरनॅशनल प्रॉपर्टी मेझरमेंट स्टँडर्ड्स' नावाची आंतरराष्ट्रीय मानकं तयार झाली. तुम्ही कोणतीही पद्धत घ्या, फक्त तुमची इमारत आणि तुलनेला घेतलेल्या इमारती एकाच पद्धतीने मोजलेल्या हव्यात.

मी लेझर मीटर आणि चौकटींची वही घेऊन खोली-खोली मोजते. प्रत्येक खोलीपुढे चार गोष्टी लिहिते: लांबी-रुंदी, खिडक्या कोणत्या बाजूला, आत्ताचा वापर, आणि तिथे किती मुलं बसतात. शेवटची नोंद फार उपयोगाची. वर्गखोली मोठी असून दाराची रुंदी किंवा खांबाची जागा अशी असते की पाच बाकं कमी बसतात. शाळा क्षेत्रफळाचं भाडं देत असली तरी तिला उत्पन्न मुलांच्या संख्येतून मिळतं.

सगळं क्षेत्र सारख्या किमतीचं नसतं. म्हणून मी प्रत्येक प्रकाराला वजन देते. समजा वर्ग, प्रयोगशाळा आणि कार्यालय मिळून १२,००० चौरस फूट आहेत. त्यांना पूर्ण १ धरलं. सभागृह २,५०० आहे, ते दिवसातून थोडाच वेळ वापरात असतं, त्याला ०.७. तळघरातलं कोठार १,५००, त्याला ०.४. उघड्या बाजूची शेड २,०००, तिला ०.२५. प्रत्यक्ष क्षेत्र १८,००० झालं, पण वजनी क्षेत्र १४,८५०. ही वजनं माझ्या अनुभवाची आहेत. तुमच्याकडे कोठाराला खरोखर अर्धा दर मिळत असेल तर ०.५ धरा. मैदानाला मी स्वतंत्र दर लावत नाही. शाळेच्या दरात मैदान गृहीत असतं, आणि ते नसेल किंवा अपुरं असेल तर दर खाली आणते.

ही वास्तू शाळा म्हणून चालते का

हा प्रश्न लहान आहे, पण याचं उत्तर 'नाही' आलं तर पुढचं सगळं गणित थांबतं. शैक्षणिक वापराची परवानगी आहे का? आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? दारं बाहेरच्या बाजूला उघडतात का? चाकाच्या खुर्चीवरचं मूल वर्गापर्यंत आणि स्वच्छतागृहापर्यंत जाऊ शकतं का? मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहं आहेत का?

यातलं जे नाही, त्याचा बदलाचा खर्च काढा आणि तो कोण करणार ते ठरवा. भाडेकरू करणार असेल तर तो खर्च कराराच्या वर्षांवर वाटायचा. ६ लाखांचं काम आणि ५ वर्षांचा करार असेल, तर वर्षाला १ लाख २० हजार हे भाडंच समजा, फक्त ते मालकाच्या हातात जात नाही. करार ५ ऐवजी १० वर्षांचा झाला तर हाच बोजा वर्षाला ६० हजारांवर येतो. लांब मुदतीचा करार शाळेला का हवा असतो, ते इथे दिसतं. परवानगीच मिळणार नसेल तर शाळा म्हणून त्या जागेला भाडंच नाही. मग ती गोदाम किंवा ऑफिस म्हणून बघावी लागते.

चालवण्याचा खर्च: बिलं मागवा, पण बिलांवर थांबू नका

पहिली सीमारेषा आखून घ्या. इमारत चालवण्याच्या खर्चात वीज, पाणी, सफाई, राखण, विमा, मालमत्ता कर, दुरुस्ती, लिफ्ट-पंप-अग्निशमन यंत्रणेचे वार्षिक करार आणि पुढे लागणाऱ्या मोठ्या कामांची तजवीज एवढं येतं. शिक्षकांचे पगार येत नाहीत. कर्जाचे हप्ते, घसारा आणि आयकरही येत नाही; ते मालकाच्या व्यवहाराचे विषय आहेत, इमारतीचे नाहीत. ही रेषा पुसट राहिली की दोन शाळांच्या खर्चाची तुलनाच होत नाही.

विजेची किमान १२ महिन्यांची बिलं घ्या, २४ मिळाली तर उत्तम. त्यात सर्वांत आधी मी सुट्टीच्या महिन्याचं बिल उचलते. वर्ग बंद, पंखे बंद, मुलं घरी, आणि तरी त्या महिन्यात जे युनिट जळले ते इमारतीचं कायमचं ओझं. बाहेरचे दिवे, कॅमेरे, सर्व्हर, पाण्याचा पंप, प्रयोगशाळेतला फ्रिज. समजा सुट्टीत ९०० युनिट आणि शाळा भरते त्या महिन्यात ३,६०० युनिट. म्हणजे ९०० गुणिले १२, असे १०,८०० युनिट कायमचे. आणि उरलेले २,७०० गुणिले शाळेचे १० महिने, असे २७,००० युनिट मुलांबरोबर येणारे. एकूण ३७,८००. अशी फोड केल्याचा फायदा असा, की नवी संस्था दोन पाळ्यांत शाळा भरवणार असेल तर अख्खं बिल दुप्पट करायचं नाही. कायमचा भाग जवळपास तोच राहतो, वाढतो तो दुसरा. आणि सुट्टीचं बिल शाळेच्या महिन्याच्या निम्म्याच्या आसपास आलं, तर कुठेतरी काहीतरी उगाच चालू आहे. ते शोधल्याशिवाय तो आकडा नव्या भाडेकरूच्या माथी मारू नका.

बिलावर मंजूर लोडचा, म्हणजे जोडणीला मंजूर केलेल्या कमाल वापराचा, स्थिर आकार वेगळा असतो. आधीच्या भाडेकरूने कधीकाळी एसी बसवले होते म्हणून लोड वाढवून घेतला आणि आता एसी नाहीत, तरी आकार चालूच राहतो. अर्ज करून लोड कमी करता येतो. अंदाजात तो कमी केलेलाच धरा, पण तसं लिहून ठेवा.

बिलं मिळालीच नाहीत तर उपकरणांवरून बांधा. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. ३ हॉर्सपॉवरचा पंप रोज २ तास चालला तर महिन्याला साधारण १३४ युनिट. मोटर ओढते त्यापेक्षा थोडं जास्त, म्हणून १५० धरा. पंखे, दिवे, संगणक यांचंही असंच. कंटाळवाणं आहे, पण तासाभरात होतं.

पाण्याचं खरं चित्र बिलात दिसत नाही, ते मीटरवर दिसतं. संध्याकाळी शाळा सुटली, सफाई झाली, पंप बंद केला की मीटरचा आकडा लिहून घ्या. सकाळी कुणीही नळ उघडायच्या आत पुन्हा वाचा. मधल्या १४ तासांत २०० लिटर गेले असतील, तर ती गळती आहे. वर्षाला साधारण १ लाख २५ हजार लिटर. टाकी भरत राहण्याचा गोंधळ नको म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करून एकदा आणि उघडा ठेवून एकदा, अशी दोनदा वाचनं घेतली तर गळती टाकीच्या आधी आहे की नंतर, तेही कळतं. बहुतेक वेळा दोषी स्वच्छतागृहातला फ्लश असतो, जो आवाज न करता भांड्यात पाणी सोडत राहतो. फ्लशच्या टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला की व्हॉल्व्ह बदला.

सफाईचा खर्च क्षेत्रफळावर नाही, स्वच्छतागृहांच्या संख्येवर आणि मुलांच्या संख्येवर ठरवते. राखणीचा खर्च फाटकांच्या संख्येवर. दोन फाटकं म्हणजे दोन माणसं, आणि रात्रपाळी धरली तर त्याहून जास्त. एका फाटकाला कुलूप लावता येतं का, हे विचारा. पण आगीच्या वेळचा बाहेर पडण्याचा रस्ता तोच असेल तर नाही.

दुरुस्ती: इथे घाई करू नका

मालक म्हणतो, "गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीला फारसा खर्च आला नाही." हे वाक्य ऐकलं की मी गच्चीवर जाते. खर्च झाला नाही याचा अर्थ गरज नव्हती असा होत नाही. बहुतेक वेळा कामं पुढे ढकललेली असतात आणि ती नव्या भाडेकरूची वाट बघत असतात.

गच्चीवर पावसाच्या पाण्याच्या नळांची तोंडं बघा, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कडेच्या, भिंतीला आडव्या भेगा आहेत का बघा, टाकीच्या खाली ओल आहे का बघा. मग सर्वांत वरच्या मजल्यावर या आणि छताला टॉर्च तिरपा धरा. समोरून न दिसणारे फुगवटे तिरप्या उजेडात उठून दिसतात. पांढरी खारट पूड दिसली तर पाणी आत येऊन गेलेलं आहे, वरून कितीही ताजा रंग असो. शेवटी शिपाईमामांना गाठा आणि एकच विचारा: "मामा, पावसात कोणत्या खोलीत बादली ठेवावी लागते?" मालकाला न सांगता येणारं उत्तर त्यांना तोंडपाठ असतं. खोलीचा क्रमांक, कोपरा, आणि बादली किती वेळात भरते तेसुद्धा.

आकड्यात हे कसं आणायचं? दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरते.

पहिली वरून. इमारत आज तशीच नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल, त्याच्या टक्केवारीत वार्षिक देखभाल धरायची. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी पुनर्बांधणीच्या किमतीच्या २ ते ४ टक्के दरवर्षी देखभाल-दुरुस्तीवर ठेवावेत, असं सुचवलं होतं. ही पट्टी अजूनही कामाची आहे. आपल्या उदाहरणात नव्याने बांधायचा खर्च १५० लाख धरला तर ३ ते ६ लाख.

दुसरी वाट खालून. प्रत्येक मोठ्या घटकासमोर बदलायचा खर्च आणि उरलेलं आयुष्य लिहा आणि भागा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ४ लाखांचं आणि अजून ८ वर्षं टिकेल, तर वर्षाला ५० हजार. बाहेरचा रंग, वायरिंग, पाण्याच्या टाक्या, पंप, खिडक्यांच्या चौकटी, बाकं नव्हे. बाकं सामानात येतात, इमारतीत नाहीत. या बेरजेत रोजची किरकोळ दुरुस्ती मिळवा. दोन्ही वाटांचे आकडे जवळ आले तर ठीक. खालचा आकडा फारच कमी आला तर एखादा घटक यादीतून सुटलाय. माझ्या पाहण्यात तो बहुधा जमिनीखालचा असतो, ड्रेनेजची लाईन किंवा पाण्याची मुख्य पाईप.

आपण ३ लाख धरू. त्यातले १ लाख २० हजार ढाचा, गच्ची, बाहेरच्या भिंती यांचे, म्हणजे मालकाचे. १ लाख ८० हजार आतल्या दुरुस्तीचे, म्हणजे भाडेकरूचे. करारात हे उलट किंवा वेगळं असू शकतं, पण कुठेतरी लिहिलेलं हवंच. 'दुरुस्ती भाडेकरूने करावी' एवढंच वाक्य असलेल्या करारावर शाळेने सही करू नये. त्यात गच्चीसुद्धा येते.

तुंबलेली कामं मात्र या वार्षिक आकड्यात घालू नका. ती वेगळी मोजा आणि पुनर्बांधणीच्या किमतीने भागा. ९ लाखांची कामं तुंबली असतील तर ९ भागिले १५०, म्हणजे ६ टक्के. इमारती सांभाळणाऱ्या लोकांत साधारण असा ठोकताळा आहे: ५ टक्क्यांच्या आत चांगली, ५ ते १० मध्यम, १० च्या वर वाईट. ही कामं एकदाच करायची आहेत, म्हणून ती मालकाने ताबा देण्याआधी करावी किंवा तेवढी भाडेमाफी द्यावी. कायमचं भाडं कमी करून घेतलं तर काम होतच नाही आणि दोन पावसाळ्यांनी दोन्ही बाजू भांडत बसतात.

भाडेकरूचा वर्षाचा चालवण्याचा खर्च आता असा जमला: वीज-पाणी १ लाख २० हजार, सफाई १ लाख, राखण ८० हजार, सामानाचा विमा १० हजार, यंत्रणांचे करार ५० हजार, आतली दुरुस्ती १ लाख ८० हजार. एकूण ५ लाख ४० हजार.

भाडं: तीन बाजूंनी या

बाजारभावाचं भाडं म्हणजे काय, हे आधी मनात पक्कं करा. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांतल्या व्याख्येचा गाभा असा: मालक द्यायला राजी, भाडेकरू घ्यायला राजी, दोघांत कसलंही नातं किंवा दडपण नाही, दोघांना माहिती आहे, आणि जागा पुरेसा वेळ बाजारात होती. या कसोटीवर बरेच पुरावे गळून पडतात. संस्थेने आपल्याच दुसऱ्या संस्थेला दिलेली जागा, विश्वस्ताच्या नातेवाइकाची इमारत, वीस वर्षं राहिलेल्या शाळेला भीडेखातर केलेली किरकोळ वाढ, यातलं काहीही बाजारभाव नाही.

तुलना करायला शाळांचे व्यवहार फार कमी सापडतात. त्यामुळे क्लासेस, प्रशिक्षण केंद्रं, बालवाड्या, छोटी ऑफिसं यांचे करार बघावे लागतात. प्रत्येक करार एकाच पातळीवर आणा. मालमत्ता कर कोण भरतं? दुरुस्ती कुणाकडे? भाडेमाफी किती? ५ वर्षांच्या करारात पहिले ६ महिने माफ असतील तर ६० पैकी ५४ महिन्यांचंच भाडं येतं. कागदावरचा १०० चा दर खरा ९० आहे. दरवर्षी ५ टक्के वाढ असलेला १०० चा करार ५ वर्षांत सरासरी ११०.५ पडतो, म्हणजे १०८ वर गोठवलेल्या करारापेक्षा तो महाग आहे, जरी पहिल्या वर्षी स्वस्त दिसत असला. डिपॉझिट मोठं असेल तर त्यावर बुडणारं व्याज भाड्यात मिळवा. एवढं केल्यावर दर महिन्याला वजनी चौरस फुटाला ८ आला असं समजा. १४,८५० गुणिले ८ गुणिले १२, म्हणजे वर्षाला १४ लाख २५ हजारांच्या थोडं वर.

दुसरी बाजू खर्चाची. अशी जागा मालकाला आज उभी करायला काय लागेल? जमीन १०० लाख, बांधकाम नव्याने १५० लाख. इमारतीचं आयुष्य ६० वर्षं धरलं आणि २० झाली असतील तर एक तृतीयांश वजा. उरले १०० लाख. एकूण २०० लाखांवर ६ टक्के परतावा मागितला तर १२ लाख. इंग्लंड आणि वेल्समध्ये शाळांचं करासाठीचं मूल्य काढताना याच जातीची पद्धत वापरतात, कारण तिथेही तुलनेला पुरेसे भाडेकरार मिळत नाहीत. या पद्धतीत सगळा भार परताव्याच्या टक्केवारीवर आहे. ६ चे ७ केले की १२ चे १४ होतात. त्यामुळे ती टक्केवारी कुठून घेतली ते अहवालात लिहिल्याशिवाय हा आकडा वापरू नका.

तिसरी बाजू शाळेच्या ताकदीची, आणि मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. पट ३००, फी वर्षाला २० हजार, म्हणजे ६० लाख. त्यातून पगार ३३ लाख, शैक्षणिक साहित्य आणि कार्यालय ६ लाख, अडीअडचणीची शिल्लक ३ लाख. इमारतीसाठी उरले १८ लाख. त्यातून आपण काढलेला चालवण्याचा ५ लाख ४० हजारांचा खर्च वजा केला की भाड्याला उरतात १२ लाख ६० हजार. इथे पूर्ण फी येईल असं धरू नका; गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेली फी बघा. सवलती आणि थकबाकी वजा जाऊन जे उरतं तेच उत्पन्न.

आता समोर तीन आकडे आहेत: १४.२५, १२ आणि १२.६ लाख. सरासरी काढून मोकळं होऊ नका. तुलनेतला १४.२५ आला तो क्लासेसच्या करारांतून, आणि क्लासेस छोटी जागा थोड्या वर्षांसाठी घेतात. मोठी जागा लांब मुदतीला घेणाऱ्याला दर कमी पडतो. म्हणून तो आकडा खाली येणार. मी इथे १२.५ ते १३.५ लाखांचा पट्टा देईन आणि बोलणी १३ च्या आसपास व्हावीत असं सांगेन. शाळेला ते किंचित जड जाईल, पण सभागृह संध्याकाळी भाड्याने द्यायची परवानगी करारात मिळाली तर निभेल. मात्र त्या संध्याकाळचे दिवे, सफाई आणि राखण यांचा जादा खर्च आधी वजा करा.

मालकाच्या वहीत काय उरतं

१३ लाख भाड्यातून मालमत्ता कर ९० हजार, इमारतीचा विमा २० हजार, ढाच्याची तजवीज १ लाख २० हजार, हिशेब आणि करारमदार ३० हजार वजा. उरले १० लाख ४० हजार. २०० लाखांवर ५.२ टक्के.

यात रिकामा काळ धरलेला नाही. शाळेच्या इमारतीला तो इतर जागांपेक्षा जास्त धरावा लागतो. दुकान कोणत्याही महिन्यात भाड्याने जातं, शाळा नाही. कोणतीही शाळा सत्राच्या मधोमध मुलांना उचलून दुसरीकडे नेत नाही. नवं वर्ष सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी जागा रिकामी झाली तर ती बहुधा पुढच्या वर्षापर्यंत तशीच पडून राहते. म्हणून करार संपण्याची तारीख शैक्षणिक वर्षाच्या शेवटाशी जुळवा आणि नोटिशीचा काळ एवढा ठेवा, की मालकाला नव्या प्रवेशांच्या आधी भाडेकरू शोधता येईल आणि शाळेला पालकांना वेळेत सांगता येईल. दर ६० महिन्यांच्या करारानंतर ६ महिने रिकामे धरले, तर ६६ पैकी ६ महिने म्हणजे भाड्याचा सुमारे ९ टक्के भाग जातो. १३ लाखांतून १ लाख १८ हजार. मालकाचा खरा परतावा ४.६ टक्क्यांवर येतो. हा आकडा मालकाला सुरुवातीलाच दाखवा. मग शेवटचे पन्नास हजार ताणण्यापेक्षा नीट चालणारी शाळा दहा वर्षं टिकवणं त्याला परवडतं, हे त्याचं त्यालाच दिसतं.

अंदाज लिहिताना

तारीख, मोजमापाची पद्धत, कोणता खर्च कुणाकडे, आणि कोणते आकडे बिलांवरून घेतले, कोणते बांधले, एवढं पहिल्याच पानावर असू द्या. त्याखाली एक तक्ता हवा, ज्यात एकेक गोष्ट बदलून परिणाम दाखवलेला असेल. वीज १० टक्के महागली तर काय, गच्चीचं काम तीन वर्षं आधी आलं तर काय. हे आकडे बहुधा सोसण्यासारखे निघतात.

पटाचा आकडा तसा नसतो. ३०० चे २७० झाले की उत्पन्न ६० वरून ५४ लाखांवर येतं, पण प्रत्येक वर्गातली तीन-चार मुलं कमी झाल्याने एकही वर्ग बंद होत नाही, एकही शिक्षक कमी होत नाही आणि पंखे तेवढेच फिरतात. ६ लाखांची सगळी तूट भाड्याच्या ताकदीवर पडते. १२ लाख ६० हजारांचे ६ लाख ६० हजार उरतात. दहा टक्के मुलं कमी, आणि भाडं देण्याची ताकद जवळजवळ निम्मी. नव्या शाळेला पहिली दोन-तीन वर्षं पट भरायलाच लागतात, म्हणून अशा करारात मी पायरीचं भाडं सुचवते: पहिल्या वर्षी ठरलेल्या भाड्याच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्यापासून पूर्ण, आणि सुरुवातीची सूट पुढच्या वर्षांच्या वाढीत थोडी-थोडी भरून घ्यायची. पटाची नोंद दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला मालकाला दाखवायची अटही त्यातच घालावी.